लायसन्सचा वैद्यकीय दाखला: कुठे घ्यावा, काय तपासून घ्यावे आणि डॉक्टरच्या सहीचा कायदेशीर अर्थ काय

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी लागणारा वैद्यकीय दाखला, म्हणजे फॉर्म १ए, महाराष्ट्रात साधारण चार ठिकाणी मिळतो: आरटीओच्या आसपास बसणारे डॉक्टर, मोटार ट्रेनिंग स्कूल किंवा एजंटाने ठरवून ठेवलेले डॉक्टर, आपला फॅमिली डॉक्टर आणि सरकारी रुग्णालय. कागद चारही ठिकाणी एकच. फरक पडतो तो सही होण्याआधी काय घडले यात. म्हणून इथे या सेवेला एकच कसोटी लावली आहे: फॉर्मवर जे केल्याचे लिहिले आहे ते डॉक्टरने खरोखर केले का? पैसे किती घेतले, रांग किती होती, खुर्ची होती की नाही, हे सगळे त्यानंतरचे.

आधी हा दाखला कोणाला लागतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रवासी किंवा मालवाहू वाहनाच्या लायसन्सला तो लागतोच. खासगी दुचाकी-चारचाकीसाठी पहिल्यांदा लायसन्स काढताना फॉर्म १ मधले स्वतःचे निवेदन कायद्याला पुरते. पण नूतनीकरणाच्या वेळी वयाची ४० पूर्ण झाली असतील तर कलम १५ प्रमाणे खासगी लायसन्सलाही फॉर्म १ए हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी लायसन्सच्या मुदतीही बदलल्या. तिशीच्या आत काढलेले लायसन्स चाळिशीपर्यंत चालते, तीस ते पन्नास या वयात ते १० वर्षांचे मिळते, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढले तर साठीपर्यंतचे आणि त्यापुढे ५-५ वर्षांचे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एकोणपन्नासाव्या वर्षी केलेली एक तपासणी एकोणसाठीपर्यंत पुरवली जाते, आणि मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, मोतीबिंदू हे सगळे पाहुणे नेमके याच दहा वर्षांत येतात. त्यामुळे ती एक तपासणी मनापासून होणे फार गरजेचे आहे.

आता फॉर्म. फॉर्म १ अर्जदाराने भरायचा, फॉर्म १ए डॉक्टरने. फॉर्म १ए मध्ये दोन ओळखखुणा, दृष्टिदोष आहे का व चष्म्याने सुधारतो का, रंगांधळेपणा आहे का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, हॉर्न ऐकू येण्याइतके कान आहेत का, रातांधळेपणा आहे का, हातापायात व्यंग आहे का, हे विचारले आहे. खाली प्रमाणपत्राचा मजकूर: अर्जदाराला मी स्वतः तपासले आहे, तपासताना लांबच्या नजरेकडे, श्रवणशक्तीकडे, हात, पाय आणि सांध्यांकडे विशेष लक्ष दिले आहे. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकासाठी आणखी तीन गोष्टी येतात: प्रतिक्रियेला लागणारा वेळ, बाजूची नजर आणि झगमगाटानंतर दृष्टी परत यायला लागणारा वेळ. अखेरीस, ‘माझ्या समजुतीनुसार’ हा इसम लायसन्ससाठी योग्य किंवा अयोग्य आहे. फोटोवर सही अशी करायची की अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर पडेल.

फॉर्मच्या रचनेतला सगळ्यात मोठा दोष इथेच आहे. आकडी, अचानक शुद्ध हरपणे, चक्कर यांचा प्रश्न फॉर्म १ मध्ये, अर्जदाराच्या निवेदनात आहे. डॉक्टरच्या फॉर्म १ए मध्ये तो वेगळा विचारलेलाच नाही. दाखल्यासाठी येणाऱ्याने फॉर्म १ चे निवेदन सोबत द्यायचे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५ सांगतो. पण जिथे फॉर्म १ कोराच पुढे सरकतो आणि नंतर एजंटाकडे भरला जातो, तिथे आकडीचा प्रश्न डॉक्टरच्या तोंडून येतच नाही. म्हणून दाखला घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही आमचे पहिले सांगणे हेच: फॉर्म १ भरलेला, सही केलेला, डॉक्टरच्या टेबलावर आधी हवा. तो न वाचता फॉर्म १ए वर शिक्का मारणाऱ्याची सेवा कितीही तत्पर असली तरी नापास.

नीट तपासणी कशी दिसते

घाई न करता, चांगली तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. यंत्रे फारशी लागत नाहीत. चुका होतात त्या साध्या गोष्टींत.

नजरेचा तक्ता ६ मीटरवरून वाचायचा असतो. बहुतेक दवाखान्यांची खोली तेवढी लांब नसते. अशा वेळी ३ मीटरवर आरसा लावून उलटा तक्ता वापरतात, किंवा ३ मीटरसाठीच छापलेला तक्ता घेतात. सर्रास होणारी चूक अशी की ६ मीटरचा तक्ता ३ मीटरवर टांगतात. तिथे उभा राहून माणसाने ६/१२ ची ओळ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येणारी) वाचली तर त्याची खरी नजर ३/१२, म्हणजे ६/२४ निघते. कागदावर मात्र ६/१२ चढते. दवाखान्यात गेल्यावर पायाखालचे अंतर पावलांनी मोजून पाहायला काहीच हरकत नाही.

मग ६/किती पुरेसे? फॉर्ममध्ये हा आकडा नाही, नंबरप्लेट आहे. चारचाकीच्या प्लेटवरची अक्षरे ६५ मिलिमीटर उंच असतात. २५ मीटरवरून ती डोळ्याशी साधारण ९ मिनिटांचा कोन करतात (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). ६/६ च्या ओळीतले अक्षर ५ मिनिटांचा करते. हिशेब मांडला तर कायद्याची अपेक्षा ६/९ आणि ६/१२ यांच्या दरम्यान येते. शक्य असेल तर डॉक्टरने अर्जदाराला दाराबाहेर नेऊन २५ मीटरवरच्या उभ्या गाडीची प्लेट वाचायला सांगावी. इतकी स्वस्त आणि इतकी थेट चाचणी दुसरी नाही. एकेक डोळा वेगळा तपासताना तळहाताने झाकायला सांगू नये. बोटांच्या फटीतून दिसते, आणि डोळा दाबला गेला तर नंतर त्याच डोळ्याला धूसर दिसते. जाड पुठ्ठा वापरावा. चष्मा लांबचा आहे की वाचनाचा, हेही विचारावे; चाळिशीचा चष्मा लावून तक्ता वाचणारे कमी नाहीत.

रंगांची चाचणी हा दुसरा दुबळा भाग. इशिहाराचे ठिपक्यांचे पुस्तक दिवसाच्या उजेडात, सुमारे ७५ सेंटिमीटरवर धरायचे असते. पिवळ्या दिव्याखाली, हातातल्या फोनच्या पडद्यावर ते दाखवणे ही तपासणी नव्हे. जून २०२० मध्ये केंद्राने दोन्ही फॉर्म बदलले. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळू शकते, तीव्र असेल तर नाही. हा बदल योग्य होता, कारण सिग्नलवरच्या दिव्यांची जागा ठरलेली असते. पण इशिहारा दोष आहे एवढेच भरवशाने सांगते, किती आहे ते नाही. प्रमाण ठरवायला रंगीत चकत्या क्रमाने लावायची फार्न्सवर्थ डी-१५ चाचणी किंवा कंदील चाचणी लागते. त्यामुळे इशिहारात अडकलेल्या तरुणाला तिथेच ‘अयोग्य’ लिहिणारा डॉक्टर चुकतो आणि दुर्लक्ष करून ‘योग्य’ लिहिणाराही चुकतो. त्याला नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायला हवी.

बाजूची नजर फॉर्म फक्त धोकादायक मालाच्या चालकासाठी विचारतो. आमच्या मते ती प्रत्येकाची पाहावी. समोरासमोर बसून, एक डोळा झाकून, डॉक्टरने आपली बोटे चारही बाजूंनी आत आणत नेली की दोन मिनिटांत ठोकळ अंदाज येतो. काचबिंदूचा रुग्ण तक्त्यावरची ६/६ ची ओळ सहज वाचतो आणि डावीकडून येणारी सायकल त्याला दिसत नाही. झगमगाटाचेही तसेच. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला उजेडाच्या खोलीत ६/९ दिसते, पण रात्री समोरून डिपर पडला की रस्ता नाहीसा होतो. डोळ्यावर १० सेकंद टॉर्च धरून, नंतर तीच ओळ पुन्हा वाचायला किती वेळ लागतो ते पाहावे. पाऊण मिनिटाच्या पुढे गेले तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी हवी. रातांधळेपणाला झटपट चाचणी नाही. तिथे प्रश्नच विचारावे लागतात.

कानासाठी पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत अंक म्हणावेत. पायासाठी उकिडवे बसून उठवावे आणि पंजा डॉक्टरच्या तळहातावर जोराने दाबायला सांगावा, कारण ब्रेक आणि क्लच त्याच हालचालीवर चालतात. मान दोन्हीकडे किती वळते? मणक्याच्या दुखण्याने मान न वळणारा माणूस लेन बदलताना मागचे पाहूच शकत नाही. मधुमेह जुना असेल तर तळपायाला १० ग्रॅमचा नायलॉन धागा टेकवून संवेदना तपासावी. पेडल कुठवर दाबले गेले हे पायालाच कळत नसेल तर पायातला जोर उपयोगाचा नाही.

आणि मग ते प्रश्न, जे फॉर्ममध्ये ‘इतर कोणताही आजार’ एवढ्याच शब्दांत उरकले आहेत. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, साखर ७० च्या खाली जाताना आधी कळते का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का, झोपेत घोरताना श्वास थांबतो असे घरच्यांनी सांगितले आहे का? रात्रीच्या ट्रॅव्हल्स बसचा किंवा ट्रकचा चालक असेल तर हा प्रश्न तक्त्याइतकाच महत्त्वाचा. झोपेची, मनःशांतीची, नसांच्या दुखण्याची गोळी कोणती? अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रेगाबालिन, ट्रामाडोल ही गुंगी आणू शकणाऱ्या औषधांची नावे ऐकली की पुढचे विचारलेच पाहिजे. रक्तदाबही मोजावा. हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर किती थांबायचे, याचे कोष्टक आपल्या कायद्यात नाही. जाणते डॉक्टर ब्रिटनचे मापदंड आधाराला घेतात. तिथे पक्षाघातानंतर खासगी गाडीसाठी निदान १ महिना आणि बस-ट्रकसाठी १ वर्ष थांबावे लागते.

आकडीबाबत आपली पद्धत अन्यायाची आहे, हे स्पष्ट लिहायला हवे. ब्रिटनमध्ये १ वर्ष आकडी न आलेल्याला खासगी गाडी चालवता येते. बस-ट्रकसाठी औषधाविना १० वर्षे लागतात. आपल्या फॉर्ममध्ये कालावधीच नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा झटका आलेला आणि गेल्या आठवड्यात झटका आलेला, दोघांनाही ‘होय’च लिहावे लागते. मग दोघेही ‘नाही’ लिहितात. खरे सांगणाऱ्याला शिक्षा देणारा प्रश्न खोटेच जमा करतो, आणि त्याचे ओझे सही करणाऱ्या डॉक्टरवर येते.

सहीची जबाबदारी

लोकांचा, आणि बऱ्याच डॉक्टरांचाही, समज असा की पुढे अपघात झाला तरच डॉक्टर अडकतो. तसे नाही. कायद्याने आवश्यक असलेला दाखला एखाद्या महत्त्वाच्या मुद्द्यावर खोटा आहे हे माहीत असून दिला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २३४ लागते (१ जुलै २०२४ पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे १९७), आणि शिक्षा खोटी साक्ष दिल्यासारखी. आता प्रमाणपत्राचा मजकूर पुन्हा वाचा. ‘योग्य आहे’ हे मत आहे, आणि त्याला ‘माझ्या समजुतीनुसार’ या शब्दांचे संरक्षण आहे. नीट तपासूनही एखादा दोष निसटला तर तो निर्णयातला कमीपणा ठरेल. पण ‘मी स्वतः तपासले आहे’ हे विधान वस्तुस्थितीचे आहे. न तपासता सही करणाऱ्याला ते खोटे असल्याचे सही करताना पक्के ठाऊक असते. अर्जदार नंतर ठणठणीत निघाला तरी ते विधान खरे होत नाही. आधीच सह्या करून ठेवलेल्या फॉर्मांचा गठ्ठा एजंटाकडे असणे म्हणूनच इतके गंभीर.

दुसरी बाजू मेडिकल कौन्सिलची. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतल्या नियम ७.७ प्रमाणे खोटा, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला देणाऱ्याचे नाव नोंदवहीतून काढता येते. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले, म्हणून २००२ चेच चालू आहेत. त्याच संहितेनुसार डॉक्टरने दाखल्यांची नोंदवही ठेवायची, प्रत्येक दाखल्याची प्रत जपायची आणि रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता व किमान एक ओळखखूण नोंदवायची असते. दवाखान्यात अशी वही दिसली, तिच्यात तुमची सही घेतली, तर ती सेवा चांगली असल्याची खूण समजा. न्यायालयात डॉक्टरला वाचवणारा पुरावा तोच: दोन्ही डोळ्यांचे आकडे, रक्तदाब, विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे.

अर्जदारही सुटत नाही. खोटा आहे हे माहीत असताना दाखला खरा म्हणून वापरला तर न्याय संहितेचे कलम २३५ आहे. फसवणुकीने किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेले लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली रद्द होऊ शकते. आजार लपवून, धोका होईल अशा अवस्थेत गाडी चालवल्यास कलम १८६ आहे. तिथला दंड पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत आणि नंतर २,००० रुपयांपर्यंत, म्हणजे गुन्ह्याच्या मानाने फारच कमी.

सगळ्यात अवघड प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरचा. रुग्णाला आकडी येते, तो स्कूल व्हॅन चालवतो, आणि ऐकत नाही. डॉक्टरने आपण होऊन आरटीओला कळवावे असे बंधन आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. आचारसंहितेचा नियम ७.१४ गुपित पाळायला सांगतो, पण विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर अपवादही देतो. क्रम असा ठेवावा: ‘गाडी चालवू नका’ हे स्पष्ट सांगायचे, केसपेपरवर तारखेसह लिहायचे, त्यावर रुग्णाची सही घ्यायची, त्याच्या संमतीने घरच्यांना सांगायचे, एवढ्यानेही तो थांबला नाही तर त्याला कळवून, गरजेपुरतीच माहिती परवाना अधिकाऱ्याला लेखी द्यायची. कलम १६ खाली अधिकारी नवा दाखला मागू शकतो किंवा लायसन्स रद्द करू शकतो. तोंडी सांगितलेले नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

चार ठिकाणे, चार निकाल

आरटीओच्या आसपासचे डॉक्टर: वेळ वाचतो, फॉर्म कसा भरायचा हे त्यांना पाठ असते, ऑनलाइनचा गोंधळ होत नाही. काही जण खरोखर तक्ता लावून तपासतात. तक्ता नाही, इशिहाराचे पुस्तक नाही, फॉर्म १ मागितला नाही, तर पैसे देण्याआधी उठावे.

एजंटामार्फत, अर्जदार समोर नसताना मिळणारा दाखला: घेऊ नये. फोनवर फोटो पाठवून अर्ध्या तासात ‘सर्टिफिकेट’ देणाऱ्या सेवाही याच वर्गातल्या. २५ मीटरवरची प्लेट फोनवर वाचता येत नाही आणि पंजाचा जोर व्हिडिओवर कळत नाही.

फॅमिली डॉक्टर: चाळिशीनंतरच्या खासगी लायसन्सला आमची पहिली पसंती. त्याला तुमची साखर, गोळ्या, मागचे झटके माहीत असतात. पण नेमकी इथेच भीड आड येते. वीस वर्षांच्या संबंधातल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, म्हणून शंका असेल तिथे त्याने नेत्रतज्ज्ञाचा किंवा मेंदूविकारतज्ज्ञाचा लेखी अभिप्राय मागवावा. महाराष्ट्रात २०२१ पासून एमबीबीएस डॉक्टर सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून फॉर्म १ए ऑनलाइन चढवू शकतात. आपल्या डॉक्टरची नोंदणी आहे का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारावे.

सरकारी रुग्णालय: बस, ट्रक, टँकर चालवणाऱ्यांनी इथेच जावे. नेत्रविभाग, कान-नाक-घसा आणि मेडिसिन एकाच आवारात असतात, केसपेपर निघतो, नोंद राहते. सकाळी लवकर जावे लागते आणि अर्धा दिवस मोडतो. पोट गाडीवर असणाऱ्याला तो अर्धा दिवस महाग पडतो हे खरे, तरी इथली तपासणी त्याच्याच उपयोगाची आहे. ‘अयोग्य लिहिले तर नोकरी जाईल’ या भीतीने एसटीचे किंवा महापालिकेचे चालक दोष लपवतात. त्यांना हे सांगायला हवे की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. मात्र दोष त्या कायद्यातल्या यादीत बसतो का, हे आधी पाहावे लागते.

‘अयोग्य’ असा शेरा मिळालाच तर कारण लेखी मागा. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा आहे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया करून, नवा चष्मा स्थिर झाल्यावर पुन्हा तपासणी होते. पायात व्यंग असेल तर त्याला साजेसे बदल केलेल्या वाहनाचे लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम ८ खाली मागता येते. परवाना अधिकाऱ्याने लायसन्स नाकारले किंवा रद्द केले तर कलम १७ प्रमाणे आदेश कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपिलासोबत तज्ज्ञाचा अभिप्राय जोडावा, त्यात दोन्ही डोळ्यांचे आकडे, चाचणीचे नाव आणि तारीख असावी. नुसते ‘फिट आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी तिथे चालत नाही.